जुना ड्रायव्हर चालत नाही

गावात एखादी गोष्ट गुपित ठेवायची असेल तर ती अंगणात उभं राहून फोनवर ओरडून सांगू नये, एवढी साधी अक्कल मला पस्तिशी उलटल्यावर आली. तीसुद्धा एका ग्राफिक्स कार्डामुळे.

आमचं घर तिकोन्याच्या पायथ्याशी, पेठेच्या जरा अलीकडे. शनिवार-रविवार गडावर येणारी मंडळी आमच्या अंगणात उभी राहून पवनेच्या पाण्याचे फोटो काढतात आणि त्याला 'व्ह्यू' म्हणतात. आम्ही त्याला अंगणच म्हणतो. तिथे भात वाळतं, वाल वाळतात आणि एका कोपऱ्यात ताडपत्रीखाली आबांची व्हॅन उभी असते.

आबा म्हणजे माझे वडील. देहूरोडच्या लष्करी डेपोत त्यांनी उभा जन्म ट्रक चालवला. निवृत्त झाल्यावर ही व्हॅन घेतली आणि गावातली अडलेली बाळंतीण, तापानं फणफणलेलं पोर, बाजाराची पोती असं सगळं पवनानगरला आणि कामशेतला पोचवायला लागले. मग आई गेली. त्याच वर्षी त्यांचा मोतीबिंदू पिकला आणि लायसनची मुदतही संपली. आबांनी व्हॅनवर ताडपत्री टाकली. पुढे डोळ्यांचं ऑपरेशन झालं, दिसायला लागलं, तरी ताडपत्री काही निघाली नाही. शेजारच्या कोंबड्या तिच्याखाली अंडी घालायला लागल्या. आबा रोज सकाळी तिथून अंडी काढून शेजारी नेऊन द्यायचे. व्हॅनशी त्यांचा तेवढाच संबंध उरला होता.

आबांचा स्वभाव सांगायला हवा. त्यांच्याकडून 'हो' किंवा 'नाही' काढणं म्हणजे उन्हाळ्यात आमच्या आडातून पाणी काढण्यासारखं. पुण्याला नोकरीला जाऊ का, विचारलं. "बघ बाई, तुझं तू." आलेल्या स्थळाला नकार देऊ का? "बघ बाई, तुझं तू." माझं डोकं तापायचं. अरे, बाप आहात ना, मग एकदा तरी जा म्हणा, नाहीतर राहा म्हणा! पण नाही. त्यांनी मला आयुष्यात ठामपणे एकच गोष्ट शिकवली आणि ती म्हणजे अक्षर. चौथी शिकलेला माणूस, पण अक्षराच्या बाबतीत भलता कडक. मी लिहायला बसले की ते शेजारी उकिडवे बसायचे आणि दोन शब्दांच्या मधे आपलं जाडजूड, नखात ग्रीस भरलेलं बोट ठेवायचे. "हितं माझं बोट मावलं पायजे." गणितात तर बरोबरच्या चिन्हाला दोन्ही बाजूंनी बोटभर जागा सोडायचीच. "हवा लागू दे त्याला." शाळेत माझी वही सगळ्यांत सुटसुटीत आणि सगळ्यांत लवकर संपणारी असायची.

तर, मी पुण्यात व्हिडिओ एडिटिंग करायचे. दुसऱ्यांनी शूट केलेलं कापायचं, जोडायचं, त्याचे रंग सारखे करायचे. आमचं पुण्याचं ऑफिस बंद झालं आणि मुंबईहून निरोप आला: एकतर मुंबईला या, नाहीतर घरून काम करा. घरून करायचं तर मशीन तुमचं, पण चाललं पाहिजे त्यावर आमचंच सॉफ्टवेअर. दिवाळी झाली की एक काम पाठवू, ते घरून नीट करून दाखवा, मग बघू.

हे मी आबांना सांगितलं. घरून जमलं तर मी इथेच राहीन, नाही जमलं तर मुंबईला खोली बघावी लागेल. मग वर्षातून दोन-चार वेळा येणं होईल. आबा वाल सोलत होते. शेंग सोलून, दाणे टोपलीत टाकून म्हणाले, "बघ बाई, तुझं तू."

मी ठरवलं, बघतेच आता.

अडचण अशी होती की ते सॉफ्टवेअर एकाच कंपनीच्या कॉम्प्युटरवर चालतं आणि ती कंपनी इतकी महागडी की तिच्या जाहिरातीतल्या टेबलाकडेसुद्धा बघताना माझा जीव दडपतो. माझ्याकडे होता जोडून घेतलेला साधा कॉम्प्युटर. मात्र त्यातलं ग्राफिक्स कार्ड चांगलं होतं, मी हौसेनं घेतलेलं. मग मी तो मार्ग धरला जो जगभरातले माझ्यासारखे लोक धरतात: त्या कंपनीची सिस्टिम आपल्या साध्या मशीनवर जुगाड करून बसवायची. कंपनीची याला मान्यता नाही. आणि खुद्द सिस्टिमलाही दुसऱ्याच्या घरात राहायला फारसं आवडत नाही, हे मला लवकरच कळलं.

सिस्टिम बसली. आवाज आला, वायरीचं नेट आलं, कीबोर्ड चालायला लागला. मी खूश. पण चित्र! ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा भाग. आणि त्या कार्डाशी कसं बोलायचं हे सिस्टिमला सांगणारा छोटा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. कार्ड होतं, सिस्टिम होती, पण दोघांमधे बोलणं नव्हतं. खिडकी एका जागेवरून दुसरीकडे ओढली की ती गोगलगायीसारखी मागे रेघ सोडत जायची. पडद्याच्या तळाशी काचेसारखी आरपार पट्टी दिसायला हवी, तिथे सिमेंटचा राखाडी पत्रा दिसायचा. सॉफ्टवेअर उघडायला गेलं तर ते सभ्य इंग्रजीत सांगायचं की तुमच्याकडे ग्राफिक्स कार्डच नाही. मी कॅबिनेटचं झाकण उघडून त्याला कार्ड दाखवायचंच बाकी ठेवलं होतं.

आणि कुठलाही ड्रायव्हर चालू करायचा प्रयत्न केला की याहून वाईट. सुरू होताना कंपनीचं चिन्ह यायचं, त्याखालची रेघ भरत जायची, भरत जायची आणि पडदा काळा. मशीन चालू, पंखा घोंघावतोय, पण पडद्यावर अमावास्या.

पुण्यातला माझा एक मित्र, जुना सहकारी, या जुगाडातला मुरलेला. त्याला मी रोज फोन करायचे. आता आमच्याकडे फोनच्या रेंजचं असं आहे की ती घरात येत नाही. ती अंगणात, व्हॅनच्या बॉनेटपाशी, गडाकडे पाठ केली की येते. तीही अशी की ओरडल्याशिवाय पलीकडे काही पोचत नाही. त्यामुळे आमची सगळी तांत्रिक चर्चा व्हॅनला टेकून, गावाला ऐकू जाईल अशा आवाजात व्हायची.

"जुना ड्रायव्हर चालत नाही रे! काढून टाकलाय मी त्याला!"

"नवीन मिळतच नाहीये. एक मिळाला होता, पण त्याला कंपनीची सही नाही. सही नसलेला ड्रायव्हर ही सिस्टिम आत घेतच नाही!"

"कार्ड आहे रे, कार्ड आहे! पण ड्रायव्हर नको का?"

आणि एकदा, अगदीच वैतागून: "दिवाळीपर्यंत ड्रायव्हर नाही मिळाला तर मी सरळ बॅग भरणार आणि मुंबई गाठणार!"

आबा ओसरीवर बसलेले असायचे. वाल, घेवडा, काहीतरी सोलत. मला वाटायचं त्यांचं लक्ष नाही.

दिवस असे चालले होते. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जायची म्हणून गुरुवार वाया. शनिवार-रविवारी पवनेच्या काठी पर्यटकांच्या तंबूंत गाणी लागायची, नेट मान टाकायचं. मी कार्ड काढून पुसून परत बसवलं, केबल बदलली, सिस्टिम पुसून पुन्हा घातली, पुन्हा पुसली, पुन्हा घातली. मित्रानं सांगितलं होतं की सुरू होताना सिस्टिमला एका ओळीत थोड्या सूचना द्यायच्या असतात, त्यात एक ठरावीक शब्द, मग बरोबरचं चिन्ह, मग आणखी एक विचित्र शब्द लिही. तुझ्या जातीच्या कार्डाचा काळा पडदा त्यानंच जातो. त्या ओळीचा फोटोही त्यानं पाठवला. मी फोटो बघून ती टाइप केली, एकेक अक्षर ताडून पाहिलं. एकही चूक नाही. आणि पडदा काळाच.

दसऱ्याला आबांनी खुरपं, कोयता, विळे मांडून पूजा केली. ताडपत्री उचलून व्हॅनला झेंडूचा हार घातला. मग हळद-कुंकवाचं तबक घेऊन माझ्या खोलीत आले आणि कॅबिनेटला पाच बोटं ओढली. "यंत्रच हाय ते बी," म्हणाले. मी विचारलं, "आबा, होईल का हो हे?" ते फुलं ठेवत राहिले. उत्तर काय आलं असेल ते सांगायला नको.

याच सुमारास मला गावाचा अभिमान वाटायला लागला. झालं असं की पेठेतल्या चहाच्या टपरीवर गेले तर टपरीवाले भाऊ गाळणी झटकत म्हणाले, "काय ताई, डायवर मिळाला का?"

मी थक्क. म्हटलं, वा! गाव कुठल्या कुठे पोचलं! "नाही ना भाऊ, शोधतेय."

"जुना काढला म्हनं?"

"काढला. फार जुना होता. नव्या सिस्टिमला झेपत नव्हता."

भाऊंनी चहा पुढे केला, पण चेहरा पडला. "तरी काढाया नको व्हता. वय झालं म्हून काय झालं? मान्साच्या पोटावं पाय येतो."

मला हा विनोद इतका आवडला की मी तिथेच खो-खो हसले. भाऊ हसले नाहीत. मला वाटलं, गंभीर चेहऱ्यानं विनोद करायची त्यांची हातोटी असेल. घरी येऊन मी मित्राला फोनवर तो ओरडून सांगितलासुद्धा.

मग बसथांब्यावर कुणी विचारलं, दळणाच्या गिरणीत कुणी विचारलं. मी प्रत्येकाला मनापासून उत्तर दिलं. "सही नसलेले खूप आहेत, पण धोका वाटतो." लोक गंभीरपणे माना डोलवायचे. "न्हाई न्हाई, बिनसहीचा घ्यायाचाच न्हाई. पोलीस धरत्यात."

उलगडा केला तो मावशीनं. वरच्या ठाकरवाडीतली ही मावशी दरवर्षी आमच्या भाताच्या कापणीला येते. इंद्रायणी पिवळी पडली होती, खाचरात वास दरवळत होता आणि मी डोकं शांत करायला तिच्याबरोबर विळा घेऊन उतरले होते. माझा विळा धड चालत नाही, तरी ती मला हाकलत नाही. पेंढी बांधता बांधता ती म्हणाली, "ताई, माझ्या भाच्याला इचारू का? आंदर मावळात टेम्पोवर हाय. मानूस चांगला हाय, पेत न्हाई."

"कशाला विचारायचं?"

"आवं, डायवर पायजे ना तुमाला? आबा गावभर इचारत्यात. पोरीचं काम डायवर मिळना म्हून आडलंय, न्हाई मिळाला तर ती मुंबईला चालली म्हनं." मग जरा थांबून: "पर त्याला कॅम्पूटर येत न्हाई. चालंल का?"

मी बांधावर बसले आणि पोट दुखेपर्यंत हसले. टपरीवाल्या भाऊंचा पडलेला चेहरा आठवला आणि आणखी हसले. गावाच्या नजरेत मी एका म्हाताऱ्या ड्रायव्हरला नोकरीवरून काढणारी बाई झाले होते! मावशीला समजावून सांगितलं, तीही हसली. पण हसू ओसरल्यावर म्हणाली, "आबांना सांगा बरं. लय जिवाला लावून घेतलंय त्यांनी."

संध्याकाळी सांगायचं ठरवलं. पण संध्याकाळी आधी मशीनसमोर बसले, पडदा पुन्हा काळा झाला आणि माझा मेंदूही. आबांनी जेवायला हाक मारली तर त्यांच्यावरच खेकसले. सांगायचं राहून गेलं.

दिवाळी झाली. कामशेतला बाजाराच्या दिवशी मी भाजी घेत होते, तेव्हा मुंबईचा मेसेज आला. कामाचं सगळं शूटिंग एका हार्ड डिस्कवर घालून लोणावळ्याच्या कुरिअर ऑफिसात पाठवलंय, आमच्या गावात त्यांची माणसं येत नाहीत, उद्या जाऊन घेऊन या आणि काम सुरू करा. मी घरी आले. मशीन लावलं. चिन्ह, रेघ, अंधार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बॅग काढली. खरं सांगायचं तर रडले. कार्डासाठी नाही. आईच्या मागे या घरात एकट्याचा स्वयंपाक करणारा, एकट्यानंच रेडिओ लावून त्याच्याशी बोलणारा माणूस डोळ्यांसमोर आला. आणि तो माणूस मला जाऊ नको म्हणणार नाही, याचाही राग आला. दोन्ही एकदमच येत होतं. शेवटचं एकदा म्हणून मशीन सुरू केलं, ड्रायव्हरला अडवणारी एक सूचना घालून, म्हणजे निदान ती सूचनांची ओळ तरी उघडता यावी. ती उघडून नुसतीच बघत बसले.

दारात कुणीतरी खाकरलं. वळून बघितलं तर आबा. अंघोळ केलेली, दाढी केलेली, अंगात डेपोतला खाकी शर्ट. तो शर्ट आईनं ट्रंकेत तळाला ठेवला होता. त्यांनी तो धुऊन, तांब्यात निखारे घालून इस्त्री केला होता. कडक घडी. बटणं गळ्यापर्यंत लावलेली. खिशातून त्यांनी नवंकोरं लायसन काढून माझ्यापुढे धरलं.

"डोळं तपासून आलतो मागंच," ते म्हणाले. "लांबचं झ्याक दिसतंय. सहीबिही समदं हाय. व्हॅनची बॅटरी बी भरून आणलीय. फकस्त अंधारात न्हाई चालवनार." मग लायसनकडे बघत, जरा हळू: "तुला जुना डायवर चालत न्हाई, ठावं हाय मला. पर नवा मिळंपातूर तरी…"

मी हसणार होते. हसायची तयारी कधीपासून करून ठेवली होती. पण हसू आलंच नाही. इतके दिवस अंगणात उभी राहून मी जे ओरडत होते, ते सगळं एकेक करून मला आबांच्या कानांनी ऐकू आलं. जुना चालत नाही. काढून टाकला. आणि तरी हा माणूस डोळे तपासायला गेला होता.

"आबा," मी म्हटलं, "तो ड्रायव्हर माणूस नसतो हो." आणि सांगितलं. कार्ड म्हणजे काय, ड्रायव्हर म्हणजे काय. ते उभ्यानंच ऐकत होते, साहेबाचा हुकूम ऐकावा तसे.

"मंजे गाडी न्हाईच?"

"नाही."

"मंग ते जुना चालत न्हाई…"

"ते ह्याचं. कॉम्प्युटरचं. तुमचं नव्हतं ते. तुमचं कसं असेल?"

"आसं व्हय," आबा म्हणाले. लायसन खिशात गेलं. मला वाटलं आता जातील, शर्ट ट्रंकेत ठेवतील. पण ते स्टूल ओढून माझ्या शेजारी बसले. अंगाला निखाऱ्याच्या इस्त्रीचा वास येत होता. "दाव तरी कुटं आडलंय ते."

दाखवण्यासारखं काय होतं? ती एक ओळ होती. आबांना इंग्रजी वाचता येत नाही, पण त्यांनी ती वाचायची ठरवली. बोट पडद्यावर टेकवून अक्षराअक्षरावरून पुढे सरकवत नेलं. आणि एका ठिकाणी थांबले. चेहरा उजळला.

"ह्ये बरोबरचं चिन्न ना?"

"हो."

"बोटभर जागा सोडलीस दोनी अंगांनी." त्यांनी बोट त्या रिकाम्या जागेवर ठेवलं, आधी डावीकडे, मग उजवीकडे. "बेस. आजून इसरली न्हाईस."

त्यांच्या आवाजात इतकं कौतुक होतं की मला आधी तेवढंच ऐकू आलं. मग मी त्या बोटाकडे बघितलं. बोटाखाली काय होतं? काहीच नव्हतं. जागा होती. मी हातात फोन घेऊन मित्रानं पाठवलेला फोटो उघडला. त्याच्या ओळीत शब्द, चिन्ह आणि पुढचा शब्द एकमेकांना खेटून बसले होते, लग्नातल्या जीपमधल्या माणसांसारखे. मधे केसाइतकीही फट नाही. मी अक्षरं ताडून पाहिली होती. मोकळी जागा कोण ताडून बघतं? टाइप करताना माझ्या हातानं आपोआप दोन्ही बाजूंना जागा सोडली होती, पहिलीपासून सोडत आले तशी. आणि या सिस्टिमला मधे जागा दिसली की तिला वाटतं एक सूचना संपली, दुसरी सुरू झाली. तिच्या दृष्टीनं मी तीन वेगवेगळे निरर्थक शब्द बडबडत होते.

"आबा," मी म्हटलं, "बोट काढा बरं जरा."

त्यांनी बोट काढलं. मी जागा पुसली. डावीकडची, मग उजवीकडची. ड्रायव्हर अडवून ठेवण्यासाठी घातलेली सूचना काढली आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

चिन्ह आलं. रेघ भरत गेली. आबा स्टुलावर ताठ बसले होते. रेघ संपली आणि पडदा काळा झाला. मी डोळे मिटले, तर आबा म्हणाले, "आलं की."

आलं होतं. समोर निळ्या डोंगरांचं चित्र, आणि त्याच्या तळाशी ती पट्टी, काचेसारखी, आरपार डोंगर दाखवणारी. मी एक खिडकी ओढली. ती अशी सरकली की मागे रेघेचा मागमूस नाही. सॉफ्टवेअरवर टिचकी मारली. उघडलं! एकही सभ्य वाक्य न बोलता उघडलं. मी आबांचा हात धरून ओरडले. कोंबड्यासुद्धा फडफडल्या असतील.

"मिळाला डायवर?" आबांनी विचारलं.

"मिळाला!"

"कुटला हाय?"

"आतच होता आबा. सिस्टिमच्या आतच बसलेला होता पहिल्यापासून. बाहेर शोधायची गरजच नव्हती. त्याला नीट हाक मारायची होती फक्त."

आबांनी मान हलवली. "घरातच व्हता म्हन की."

आणि त्यांनी गळ्याचं बटण सोडलं. काम झालं, आता शर्टाचं काय काम, अशा हातानं. ते बटण सुटताना बघितलं आणि मी पटकन म्हटलं, "शर्ट काढू नका. लोणावळ्याला डिस्क आणायला जायचंय. गाडी लागेल. आणि गाडीला ड्रायव्हर लागेल."

ते माझ्याकडे बघत राहिले. "आन एसटी?"

"एसटीत मला मळमळतं." मला कधीही मळमळलेलं नाही, हे त्यांना माहीत आहे.

बटण परत लागलं.

पुढचं आधीच सांगून टाकते. ते काम मुंबईला पसंत पडलं आणि आता हे लिहितेय तेही त्याच मशीनवर. सिस्टिम अधूनमधून अपडेट करू का विचारते, मी तिला नको म्हणते. टपरीवरच्या भाऊंना खरा प्रकार सांगितला तेव्हा ते म्हणाले की त्यांना पहिल्यापासूनच शंका होती. पण त्या दिवशी यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि त्याचं काही वाटतही नव्हतं.

ताडपत्री निघाली. दोन अंडी सापडली, ती आबांनी शेजारी पोचवली. मग व्हॅनचं मागचं दार उघडून उभे राहिले, डेपोतल्या साहेबासाठी उभे राहत असतील तसे. मी ते दार लावलं आणि पुढे त्यांच्या शेजारी जाऊन बसले. ते किल्ली फिरवताना मिशीत हसले. व्हॅन दोनदा खोकली आणि सुरू झाली.

आबा गाडी चालवताना वेगळेच दिसतात, हे मी विसरले होते. पाठ सरळ, नजर लांब. दुधिवरे खिंडीच्या चढाला त्यांनी गिअर असा टाकला की मला कळलंसुद्धा नाही. लोणावळ्यात कुरिअरवाल्यानं पार्सल देताना विचारलं, बरोबर कोण आहे? मी 'वडील' म्हणणार, तेवढ्यात आबा खाकी शर्टात पुढे होऊन म्हणाले, "डायवर." आणि डिस्क दोन्ही हातांनी घेतली.

परतताना डिस्क माझ्या मांडीवर होती. खिंड ओलांडली आणि पवनेचं पाणी समोर आलं. ऊन कलत होतं. काठावरच्या खाचरांत भाताच्या पेंढ्या पसरल्या होत्या. समोर रस्त्याकडेच बघत आबांनी विचारलं, "मंजे आता मुंबईला जायाचं कारन न्हाई?"

"नाही," मी म्हटलं. "जायला लागणार नाही. राहू का?"

विचारलं आणि मनात म्हटलं, आता येणार. बघ बाई, तुझं तू. मी ऐकायची तयारीही केली. आज तेही गोड मानून घेतलं असतं.

वळण आलं. आबांनी हॉर्न दिला, वळण घेतलं, गाडी सरळ केली.

"ऱ्हा," आबा म्हणाले. "ऱ्हा मंग."